आमच्या बागेतलं

पॉलिशवाल्या काकांनी कापडी पिशवी टेबलावर ठेवली तेव्हा ती एका निवृत्त शिक्षकाच्या कवळीत वरचा डावा सुळा बसवत होती. मेण हवं तितकं मऊ झालं होतं, दात चिमट्यात होता, आणि अशा वेळी मध्येच कुणी बोललेलं तिला खपत नाही हे लॅबमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनाही ठाऊक होतं, पण त्यानं त्यांना फरक पडत नसे. "एक बाई देऊन गेल्या," ते म्हणाले. "वर बसा थोडं म्हटलं, तर नको म्हणाल्या, दुकान उघडायचंय. म्हणाल्या, ताईंना द्या, आमच्या बागेतलं आहे." मग पिशवीत डोकावून म्हणाले, "टोमॅटो! पण हिरवे कच्च आहेत हो. आपल्या गिऱ्हाइकांना नाही चावायचे हे." आणि स्वतःच्याच विनोदावर हसत ते आपल्या फिरत्या चाकाकडे निघून गेले. सुळा तिरका बसला होता. तिनं तो काढला, मेण पुन्हा दिव्यावर धरलं, पुन्हा बसवला. पुन्हा तिरका. पंचवीस वर्षांत एका दातासाठी तिला तिसऱ्यांदा मेण तापवावं लागलं नव्हतं.

आमच्या बागेतलं. तसं पाहिलं तर शब्दात काही खोट नव्हती. परक्या माणसाशी बोलताना कुणीही आमच्या असंच म्हणणार; काकांना 'आपल्या बागेतलं' म्हटलं असतं तर काका उद्या खुरपं घेऊन हजर झाले असते. भाषेच्या दृष्टीनं भावजयीचं बरोबर होतं. भावजयीचं नेहमी बरोबरच असायचं. पण तो शब्द तिच्यात कुठंतरी जाऊन अडकला, दातात अडकलेल्या तंतूसारखा, जीभ पुन्हा पुन्हा तिथंच जावी तसा. आमच्या म्हणजे कुणाच्या? भावजयीच्या आणि बाबांच्या. भावाच्या म्हणावं तर तो लिफ्टदुरुस्तीच्या कामावर. दिवसभर जगाला वरखाली करून घरी आला की पलंगावर आडवा. त्यानं त्या मातीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. लहानपणी त्याला धुळीनं शिंका यायच्या म्हणून आई त्याला मागच्या दारातही उभा राहू देत नसे. म्हणजे आमच्या यात दोघंच. आणि जिनं सातव्या वर्षापासून त्या वाफ्यांवर गुडघे टेकले, ती 'ताईंना द्या' मधली ताई. लांबून यायची, पाहुण्यासारखी, आणि जाताना पिशवी घेऊन जायची.

बाग कसली, घराच्या मागची भिंत आणि शेजाऱ्याची पत्र्याची शेड यांच्यामधली वीस पावलांची पट्टी. पण बाबांनी तिच्यात काय काय काढलं नव्हतं! मुळे, पालक, वाटाणे, काकड्या, घेवडा, आणि शेडच्या बाजूला, जिथं दुपारचं ऊन जास्त वेळ टिकतं तिथं, टोमॅटो. सकाळी शाळेच्या आधी बाबा तिला हाक मारायचे, हलक्या आवाजात, म्हणजे भाऊ उठू नये. ती अर्धवट झोपेत मागं यायची. बाबा तिचं बोट धरून मातीत खोचायचे. "एका पेराएवढं. जास्त नाही. जास्त खोल गेलं तर बिचाऱ्याला वर यायचा रस्ता सापडत नाही." त्यांच्या हाताचा खरखरीतपणा, मातीचा गारवा आणि त्या 'बिचाऱ्याला' मधली माया, हे तिन्ही मिळून तिचं बालपण होतं असं म्हटलं तरी चालेल. बाकीचं कुणाचंही असू शकतं. शाळा सगळ्यांना असते, पडून गुडघे सगळ्यांचे फुटतात. बाबांनी कधी तोंडावर शाबासकी दिली नाही; ती त्यांची रीतच नव्हती. पण खुरपं तिच्या हातात देऊन ते आत चहाला जायचे, आणि ती समजायची. पुढं ती कामाला लागली, शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या घेतल्या, लग्न काही केलं नाही, आणि रविवारी बस पकडून बागेत येत राहिली. दोन वर्षांपूर्वी बाबांचे शेवटचे दात गेले तेव्हा कवळी तिनंच केली. त्यांच्या तोंडाचा ठसा हातात घेऊन ती लॅबमध्ये बराच वेळ बसून होती. हे तोंड आता जगात माझ्याइतकं कुणाला माहीत नाही, असं तिच्या मनात आलं होतं.

मग आई गेली, आणि एक हंगाम बाग तशीच पडली. तण कमरेएवढं वाढलं. रविवारी ती यायची, बाबा खुर्चीत बसलेले असायचे, मागचं दार बंद. "लावू या का काही?" ती विचारायची. "बघू," बाबा म्हणायचे. तिला वाटलं, राहू दे, माणसाला वेळ लागतो. ती थांबली. आता वाटतं, आपण थांबलो तिथंच चुकलं. कारण या वर्षी हवा बदलली तसं कुणालाही न विचारता भावजयीनं दार उघडलं. बुटांच्या दुकानात अर्धा दिवस काम करणारी, गिऱ्हाइकाच्या चालीवरून पायाचं माप सांगणारी, आजवर कुंडीत तुळतुळीत प्लास्टिकचं फूल ठेवणारी ही बाई, तिनं दुकानातून बाबांसाठी रबरी बूट आणले, त्यांच्या पायांत चढवले आणि म्हणाली, "चला बाबा, मला शिकवा." बाबा! लग्न होऊन आली त्या पहिल्या दिवसापासून ती त्यांना बाबाच म्हणायची. तिचे वडील ती तीन वर्षांची असताना गेले होते, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यामुळं या बाबा म्हणण्याबद्दल ब्र काढायची सोय नव्हती. पोरक्या मुलीचा हेवा करणारी बाई कशी दिसेल? म्हणून तो हेवा आत राहिला, झाकलेला, आणि झाकलेल्या ओल्या कपड्यासारखा वास मारू लागला.

त्या पहिल्या रविवारी ती मागच्या दारात आली तर बाबा ठेंगण्या स्टुलावर बसलेले, भावजय मातीत उकिडवी, आणि बाबांच्या हातात तिचं बोट. "एका पेराएवढं," बाबा सांगत होते. "जास्त खोल गेलं तर बिचाऱ्याला—" पुढचं वाक्य तिनं ऐकलं नाही. ऐकायची गरजच नव्हती. ते वाक्य आपल्यासाठी तयार झालं, आपल्याजवळ राहिलं, असं चाळीस वर्षं समजत होतो, आणि आता ते चालत दुसऱ्याकडे गेलं होतं. ती हसत पुढं झाली, बाह्या सरसावल्या. "मीही लावते एक ओळ घेवड्याची. बघ हं, अशी." तिनं सराईत हातानं ओळ धरली, बिया टाकल्या, माती ओढली. भावजय कौतुकानं बघत होती. "किती भरभर होतं तुमचं!" ते कौतुकही तिला बोचलं, कारण ते खरं होतं.

आठ दिवसांनी भावजयीच्या ओळी उगवल्या. तिनं लावलेली ओळ मात्र नाही. पंधरा दिवस झाले तरी माती कोरीच. "जुनं बी असेल," बाबा म्हणाले, पण बी एकाच पुडीतलं होतं आणि ते तिघांनाही ठाऊक होतं. मग बाबा भावजयीच्या ओळीवरून हात फिरवत, कुणाला उद्देशून नाही असं म्हणाले, "हिच्या हाताला गुण आहे हो." आयुष्यभर ज्या माणसानं तोंडावर कुणाचं कौतुक केलं नाही त्यानं हे किती सहज म्हणावं! बसमध्ये परतताना ती खिडकीला डोकं टेकून स्वतःच्या हातांकडे बघत बसली. मेण आणि प्लास्टर हाताळून कातडी गुळगुळीत झाली होती, बोटांच्या टोकांवरच्या रेषासुद्धा पुसट. तिला वाटलं, मातीनं ओळखलंच नाही आपल्याला. आणि तीन आठवड्यांनी चमत्कार झाला. "ताई, तुझी ओळ आली बघ," बाबा म्हणाले. "उशिरा का होईना." ती वाकून बघायला गेली आणि तिथंच थिजली. तिची ओळ नेहमी किंचित डावीकडे वळायची, लहानपणापासून. बाबा त्यावरून तिला चिडवायचे. ही ओळ सरळ होती, फळीवर लावलेल्या बुटांच्या खोक्यांसारखी नीट, सारख्या अंतरावर. कुणीतरी मागाहून पुन्हा बी टाकलं होतं. तिनं मान वर केली. भावजय दोरीवरचे कपडे काढत होती, पाठमोरी, गरजेपेक्षा जास्त सावकाश. अपमान तिनं सोसला असता. ही दया मात्र तिला सोसवली नाही.

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले हे तिचं तिला ठाऊक. रविवारी गेलं की दिसायचं ते घशाखाली उतरायचं नाही, आणि गेलं नाही तर आठवडाभर कल्पनेत त्याहून जास्त दिसायचं. टोमॅटोची चौदा रोपं, काठ्यांना बांधलेली, कमरेएवढी. बाबांच्या बुटांना लागलेली माती. बाबा पुन्हा जेवू लागले होते, त्यांचे गाल भरले होते. कवळी बसेनाशी झाली म्हणून ती तिनं घासून दिली. हा आनंदाचा प्रसंग होता. घासताना तिच्या मनात काय आलं? हे गाल माझ्यामुळं भरले नाहीत. आपण असा विचार केला याची तिला भीती वाटली, आणि तरी तो विचार दुसऱ्या दिवशी कामावर येऊन तिच्या आधी खुर्चीत बसलेला होता.

मग तो फोन. मंगळवारी दुपारी, ती साच्यात प्लास्टर ओतत असताना. "ताई, एक विचारायचं होतं. टोमॅटोच्या खालच्या पानांवर तपकिरी ठिपके आलेत. बाबांना आता जवळचं नीट दिसत नाही, ते म्हणतात काही नाही. काय करू?" तिला ते ठिपके डोळ्यांसमोर दिसले, गोलात गोल, कडेला पिवळसर. करपा. खालची पानं खुडून लांब नेऊन जाळायची, झारी वरून धरायची नाही, फक्त बुंध्याशी पाणी, रोपांमधून वारा खेळू द्यायचा. हे सगळं एका क्षणात तिच्या जिभेवर आलं. आणि जिभेवरून निघालं ते असं, "अगं काही नाही बाळ, खालची पानं म्हातारी झाली की अशीच होतात. धूळ बसते. वरून चांगलं पाणी घाल, रोज. धुऊन निघतील." "वरून?" "हो, वरून." फोन ठेवला तेव्हा प्लास्टर भांड्यातच घट्ट झालं होतं. ते खरवडून काढताना ती स्वतःला सांगत होती, संध्याकाळी उलट फोन करू. संध्याकाळी वाटलं, उद्या. परवा वाटलं, आता काय सांगणार?

बारा दिवसांनी ती गेली तेव्हा झाडं उभी होती, पण विस्तव लागल्यासारखी. पानं काळी पडून लोंबत होती, फळांवर तपकिरी डाग चढले होते. बाबा स्टुलावर. त्यांना काय दिसत होतं कोण जाणे, पण वास येत होता, तो करपलेला, आंबूस वास. "पाणी कसं घालत होतीस?" त्यांनी भावजयीला विचारलं. "वरून," ती म्हणाली. "वरून? झाडाला आंघोळ घालतात का? एवढं शिकवलं ते गेलं कुठं? दुकानात पायमोजे विकणं वेगळं आणि हे वेगळं!" बाबांचा आवाज चिरकला. भावजयीनं एकदाच, अगदी एकदाच, तिच्याकडे पाहिलं. ताईंनी सांगितलं होतं, हे तीन शब्द आता येणार म्हणून ती दाराची चौकट धरून उभी राहिली. ते आले नाहीत. भावजय म्हणाली, "चुकलं बाबा," आणि मेलेली पानं वेचायला वाकली. त्या क्षणी तिला शरम वाटायला हवी होती. वाटलीही. पण शरमेच्याही आधी, एक पाऊल पुढं, हेवाच धावत आला. गप्प राहण्यातही ही आपल्या पुढं गेली.

चौदातलं एकच झाड वाचलं होतं. आणि आज, हंगाम संपल्यावर, त्याच झाडाचे शेवटचे टोमॅटो हिरवे असतानाच उतरवून भावजयीनं दुकानाच्या वाटेवर वाकडी वाट करून तिला आणून दिले होते. दुपार कलली तेव्हा तिनं पिशवीची गाठ सोडली. नऊ टोमॅटो, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळलेला, बुटांच्या खोक्यात असतो त्या पातळ पांढऱ्या कागदात. तिनं एक उलगडला, पुन्हा गुंडाळला. शिक्षकाची कवळी झाकून ठेवली. "काका, मी निघते." "दात राहिला की तुमचा!" "राहू दे. सोमवारपर्यंत ते मऊ खातील."

बस पुलावरून जाताना तिनं वाक्यं जुळवली. गैरसमज झाला. मला नीट ऐकू आलं नव्हतं. मला वाटलं धूळच असेल. एकेक वाक्य बरं दिसत होतं, तोंडात ठेवलं की बसत नव्हतं. घरापाशी ती पुढच्या दारानं गेलीच नाही. बोळातून मागं आली. ऊन अजून शेडच्या पत्र्यावर होतं. बाबा पट्टीच्या टोकाला स्टुलावर बसून सुतळ्या सोडवत होते. भावजय दाराजवळच्या नळावर झारी धूत होती.

"पिशवी मिळाली का?" तिनं विचारलं. "कागदात ठेवले तर घरात पिकतात म्हणे. बाबा सांगत होते."

"मिळाली. तुला एक सांगायचंय."

"सांगा ना."

"त्या दिवशी फोनवर मी तुला मुद्दाम चुकीचं सांगितलं. मला ठाऊक होतं काय करायचं ते. लहानपणापासून ठाऊक आहे."

भावजयीनं नळ बंद केला. झारीतलं उरलेलं पाणी सांडून ती उपडी ठेवली. मग म्हणाली, "मला कळलं होतं."

"कधी?"

"फोनवरच. तुम्ही मला बाळ म्हणालात. सहा वर्षांत पहिल्यांदा."

"मग घातलंस कशाला पाणी?"

"सांगते. पण रागावू नका." भावजयीनं ओले हात कपड्यांना पुसले, पुन्हा पुसले. तिचा आवाज खाली गेला. "रोज सकाळी इथं येऊन बसलं की बाबांचं सुरू. ताईचा हात लागला की मेलेलं रोप उभं राहायचं. ताईला पान बघून कळायचं पाणी किती झालं ते. ताई असती तर हे असं केलं असतं. मी मेली माती उपसतेय, नखं काळी झालीत, आणि कौतुक कुणाचं, तर रविवारी दोन तास येणाऱ्या बाईचं! मला वाटलं, एकदा ताईंच्या सांगण्यावरून बिघडू दे. दोन-चार झाडं जातील, मग बाबांना म्हणेन, बघा, तुमच्या ताईनं सांगितलं होतं. सगळीच जातील असं नव्हतं वाटलं हो."

"मग म्हणाली का नाहीस?"

"म्हणणार होते. तुमच्याकडे पाहिलं, तर तुमचं तोंड असं झालं होतं... आणि पाणी तर मीच घातलं ना. कळत असताना."

शेडच्या पत्र्यावर एक पाखरू खुडबुडत चाललं होतं. तिच्या अंगातून कसलीतरी ऊब वर चढत आली. बाबा बोलत होते. तीन महिने, रोज सकाळी, तिच्याबद्दल. मेलेलं रोप उभं राहायचं. कुठलं रोप? कधीचं? तिला काही आठवत नव्हतं, आणि बाबांनी हे सगळं जपून ठेवलं होतं, आणि दिलं कुणाला? तिला सांगितलं असतं तर काय झालं असतं! तिच्या मालकीचे ते शब्द भावजयीच्या कानांत साठले होते, आणि ते हवे असतील तर आता तिच्यापाशीच मागायला हवे होते. "आणखी काय म्हणायचे?" तिनं विचारलं. आपला आवाज हावरट आला हे तिला कळलं.

"पुष्कळ," भावजय म्हणाली. "सांगेन कधी." आणि सांगितलं नाही.

"कोण आहे तिकडं? ताई का?" बाबांनी हाक मारली. "शनिवारची कशी काय?"

ती त्यांच्यापाशी गेली, स्टुलासमोर मातीतच बसली. "बाबा, टोमॅटोला वरून पाणी घाल असं हिला मी सांगितलं होतं. मला माहीत होतं करपा आहे म्हणून. मुद्दाम सांगितलं." भावजयीला ते कळलं होतं, हे तिनं उच्चारलं नाही. भावजय मागं येऊन उभी होती. आपण हिला वाचवतोय, असं म्हणायला बरं वाटलं असतं. पण खरं हे होतं की निदान अपराध तरी तिला वाटून घ्यायचा नव्हता.

बाबांचे हात सुतळीवर थांबले. कवळी त्यांनी एकदा जिभेनं वर दाबली, विचारात पडले की करायचे तसं. ते विचारतील, का? याचं उत्तर तिनं बसमध्ये जुळवलं नव्हतं. पण त्यांनी विचारलं नाही. कदाचित त्यांना ते फार आधीपासून दिसत होतं. जवळचं तेवढं दिसत नसे. त्यांनी मान वळवली, तिच्या डोक्यावरून पलीकडे, भावजय असेल त्या अंदाजानं. "मी तुला त्या दिवशी नाही नाही ते बोललो," ते म्हणाले. "बोलायला नको होतं. माझं चुकलं."

आईची माफी त्यांनी मागितली नव्हती कधी. भावाची नाही, शेजाऱ्यांची नाही, तिची तर नाहीच. एवढ्या आयुष्यात बाबांच्या तोंडून माफी तिनं पहिल्यांदा ऐकली, आणि ती भावजयीच्या पदरात पडली. आणि ती पडावी म्हणून पुलापलीकडून बसनं आली कोण, तर ती स्वतः. तिला हसूही आलं आणि डोळ्यांत टचकन पाणीही. भावजय काहीतरी पुटपुटली, "असू दे हो बाबा," आणि तोंड फिरवलं.

"आणि तू," बाबा तिला म्हणाले. सोडवलेली सुतळी त्यांनी बाजूला ठेवली. "बसलीस काय? काठ्या काढायच्यात. उजेड आहे तोवर."

चौदा काठ्या होत्या, हंगामभर पाणी मुरून मातीत घट्ट रुतलेल्या. बाबा एका टोकाकडून निघाले, अंदाजानं, काठीच्या बुंध्याशी हात फिरवत. ती मधून लागली, भावजय दुसऱ्या टोकाकडून. भावजय दोन्ही हातांनी धरून सरळ वर हिसका द्यायची. पहिली काठी जमिनीलगत कडकन मोडली, खालचा तुकडा आतच राहिला. ती बघत होती. बाबांना दिसलं नाही. बोलू या, असं मनात आलं; तोंड उघडलं नाही. दुसरीही मोडली. भावजयीच्या तळव्यात कुसळ गेलं, तिनं हात झटकला, तोंडात धरला, आणि तिसरी काठी पकडली. अजून बारा हंगाम चालतील अशा काठ्या होत्या. मोडू देत, असं एक मन अजूनही म्हणत होतं, अगदी स्पष्ट, शहाण्या आवाजात.

"थांब," ती म्हणाली. "सरळ नको ओढूस. आधी जागच्या जागी फिरव, दोन-तीनदा. माती सुटली की मग ओढ."

भावजय थांबली. तिनं तिच्याकडे पाहिलं. मग लगेच काही न करता मान वळवून बाबांकडे पाहिलं, बाबा कसे काढतायत ते. बाबा काठी फिरवत होते. तेवढं पाहून घेतल्यावर भावजयीनं आपली काठी दोन्ही हातांत धरली, फिरवली, पुन्हा फिरवली, आणि अख्खी वर काढली.